हृदयाभोवतीचं चुन्याचं कवच

पोटात पाणी, पायांवर सूज. रुग्ण यकृताचे उपचार घेत राहतो. पण मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या, की आपण हृदयाच्या आवरणाचा विचार करायलाच हवा. आपल्याकडे यामागे बऱ्याचदा जुना क्षयरोग असतो. छातीचा एक्स-रे बाजूनेही काढला, तर कॅल्शियमची पांढरी कड दिसू शकते; ती कुठे, किती, हे सीटी स्कॅन नेमकं दाखवतो. मात्र कॅल्शियम दिसलं म्हणजे हृदय आवळलं गेलंच, असं नाही. उलट, २ मिलिमीटरचं साधं आवरणही कधीकधी आवळतं. म्हणून इकोमध्ये आपण बघतो, श्वास आत घेताना हृदयाचा मधला पडदा डावीकडे सरकतो का? निदान वेळेत झालं, तर आवरण काढण्याची शस्त्रक्रिया करून रुग्ण बरा होऊ शकतो.