उष्टावणीपासूनचा सोबती

एपस्टाइन-बार हा गॅमाहर्पीस कुळातला विषाणू लाळेतून पसरतो, आणि एका तोंडातली लाळ दुसऱ्या तोंडात जायला कोकणातल्या घरात निमित्त शोधावे लागत नाही. मालवणकडची आजी उकड्या तांदळाची पेज चमच्यात घेते, फार गरम तर नाही ना म्हणून ओठाला लावून बघते आणि तोच चमचा नातवाच्या तोंडात देते. बाळाच्या पहिल्या घासाच्या सोहळ्याला मराठीत नावच ‘उष्टावण’ आहे. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू असतो. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो. थोडी कणकण येते, पुष्कळदा तीही येत नाही. मात्र एकदा आत शिरलेला हा विषाणू जन्मभर बाहेर पडत नाही.

सिंधुदुर्गात विषाणू म्हटले की आठवतो तो माकडताप. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. रानात माकडे मरून पडू लागली आणि काजूच्या बागांतून राबणारी माणसे तापाने फणफणली. गोचिडीच्या चाव्यातून येणाऱ्या त्या विषाणूचा मुक्काम थोड्या दिवसांचा असतो. बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला हुसकून लावते, काही रोगी दगावतात. माणसाकडून माणसाला तो होत नाही, त्यामुळे माणूस जगला काय नि मेला काय, त्या विषाणूचे काही अडत नाही. गॅमाहर्पीसचा हिशेब याच्या नेमका उलटा आहे. पुढच्या पिढीच्या उष्ट्या चमच्यापर्यंत पोचायचे तर त्याचा यजमान धडधाकट राहायला हवा.

हर्पीस घराण्याच्या तीन शाखा आहेत. कांजिण्यांचा विषाणू अल्फा शाखेतला. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर येतो. गॅमा शाखेने दडण्यासाठी निवडलेली जागा याहून धाडसाची आहे. ती जागा म्हणजे खुद्द प्रतिकारशक्तीच्या पेशी.

घशात टॉन्सिलपाशी या पेशींची मोठी वस्ती असते. त्यांतल्या बी-पेशी प्रतिपिंडे बनवतात. बी-पेशीच्या अंगावर सीडी२१ नावाचे प्रथिन असते. विषाणू त्यालाच चिकटतो आणि आत शिरतो. आत गेल्यावर सुमारे १,७२,००० अक्षरांचा त्याचा डीएनए कड्यासारखा गोल होऊन केंद्रकात राहतो. एरवी बी-पेशीला वाढायचे असेल तर दोन खुणा पटाव्या लागतात: शत्रू खरोखर भेटला आहे ही एक, आणि मदतनीस टी-पेशीने होकार दिला आहे ही दुसरी. विषाणू या दोन्ही खुणांची नक्कल करणारी प्रथिने बनवतो. फसलेली पेशी वाढते, दुणावते आणि शेवटी ‘स्मृतिपेशी’ होते. लहानपणीचा गोवर म्हातारपणापर्यंत लक्षात ठेवणाऱ्या पेशी त्या याच जातीच्या. शरीर त्यांना वर्षानुवर्षे जपते, आणि त्यांच्याबरोबर विषाणूलाही.

तिथे पोचल्यावर विषाणू जवळपास मुका होतो. मारेकरी टी-पेशी शत्रूला ओळखतात ते पेशीने बाहेर मांडलेल्या प्रथिनांच्या तुकड्यांवरून. प्रथिनच बनले नाही तर ओळखणार काय? पेशीचे विभाजन होताना तेवढे एक प्रथिन लागते, विषाणूचा डीएनए दोन्ही पेशींत वाटला जावा म्हणून. पण त्या प्रथिनातही असा एक लांबलचक भाग आहे, की त्याचे तुकडे सहजी होत नाहीत. निरोगी माणसात दहा लाख बी-पेशींमागे अशा एक ते पन्नास पेशी सापडतात.

अधूनमधून त्यांतली एखादी टॉन्सिलमध्ये जागी होते, नवे विषाणू तयार होतात आणि लाळेत उतरतात. टी-पेशींचा पहारा असतो तो याच क्षणासाठी. विषाणूही ‘शांत राहा’ असे सांगणाऱ्या शरीराच्याच एका रेणूची प्रत काढून त्या पहाऱ्याला थोडे सुस्तावतो. हा सामना कोणीच जिंकत नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत तसे असणेच हिताचे आहे.

पहारा ढिला पडला की काय होते, ते मूत्रपिंड बदललेल्या किंवा एचआयव्ही झालेल्या रुग्णांत दिसते. बी-पेशी बेसुमार वाढून लिम्फोमाच्या गाठी होतात. मुळात हा विषाणू सापडला तोच गाठीत. युगांडातल्या मुलांच्या जबड्याच्या गाठींचे वर्णन डेनिस बर्किट या शल्यविशारदाने केले होते. त्या गाठींच्या पेशींत अँथनी एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांना १९६४ साली तो दिसला. याच शाखेचा माणसातला दुसरा विषाणू, कापोसी सार्कोमाचा, १९९४ साली सापडला. अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून २०२२ साली असेही दिसले, की एपस्टाइन-बारची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका ३२ पट वाढतो. तरी लागण झालेल्यांपैकी फारच थोड्यांना तो आजार होतो.

उलट बाजूची नोंदही आहे. उंदरांतल्या एका गॅमाहर्पीसची लागण झालेले उंदीर प्लेगच्या जंतूंना जास्त दाद देत नाहीत, असे २००७ साली दिसले. ते संरक्षण काही महिन्यांत ओसरते, पण नुसता शत्रू म्हणून या विषाणूकडे बघणे अपुरे आहे, एवढे त्यातून कळते.

बालपणी चुकलेली लागण पंधरा-वीसच्या वयात झाली, तर मात्र टी-पेशी इतक्या जोराने उठतात की त्यानेच माणूस आजारी पडतो. ताप, घसा, मानेला गाठी आणि आठवडेच्या आठवडे न जाणारा थकवा. याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. अमॉक्सिसिलिन दिले तर अंगभर पुरळ उठू शकते. या दिवसांत पानथरी सुजलेली असते आणि धक्क्याने ती फुटू शकते. ताप उतरला, पोरगा उड्या मारू लागला, तरी डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याला कबड्डीच्या मैदानात उतरू देऊ नये.