बेकार कोणाला म्हणायचं?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "सर, सरकार म्हणतं बेकारी कमी झाली. आमच्या नाक्यावर तर सकाळी उभी राहणारी माणसं वाढलीच आहेत. खोटं कोण बोलतंय?" मी म्हटलं, बहुधा कोणीच नाही. ते काही समाधानाने गेले नाहीत. म्हणून आज तोच प्रश्न घेतो.

मी अर्थशास्त्राचा माणूस नव्हे, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण हा प्रश्न आधी व्याख्येचाच आहे, त्यामुळे थोडा हक्क सांगतो.

समजा, नाक्यावर एक बिगारी उभा राहतो. आठवड्यातले सहा दिवस तो सकाळी सातला हजर, आणि काम मिळालं एकच दिवस. हा माणूस बेकार आहे का? आपल्याकडची मोजणी याची वेगवेगळी उत्तरं देते. साप्ताहिक स्थितीचा नियम असा, की गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं असेल तरी तुम्ही रोजगारात. म्हणजे आपला बिगारी रोजगारात! वर्षभराच्या हिशेबात दुय्यम काम धरलं, तर तीस दिवस पुरतात. याचे पन्नासेक दिवस भरतात, म्हणजे तिथेही तो रोजगारात. दिवसागणिक मोजलं तरच कळतं, की सहांपैकी पाच दिवस हा रिकाम्या हाताने घरी गेला.

हे तिन्ही माप कोणी लबाडीने शोधलेले नाहीत. प्रा. दांतवाला यांच्या समितीने १९७० साली अहवाल दिला. शेतमजूर, दुकानदार, कारकून यांना एकाच बेकारीच्या आकड्यात कोंबण्यात अर्थ नाही, असं तिचं म्हणणं होतं. म्हणून १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून वेगवेगळी मापं आली. शहाणपणाचीच गोष्ट होती. पुढे वर्तमानपत्राच्या मथळ्यात जागा एकाच आकड्याला, त्याला समितीने काय करावं?

२०१७-१८ च्या पाहणीत शहरी बेकारी ७.८ टक्के निघाली आणि केवढा गदारोळ झाला! पण त्या ७.८ मध्ये नाक्यावरचा आपला माणूस बहुधा नाहीच. त्यात शिकलेली मुलं जास्त, कारण थांबायला घरात कोणाचा तरी पगार लागतो. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल दुपारच्या मजुरीवर पेटते, त्याला बेकार राहणं परवडत नाही. तो केळी विकतो, हमाली करतो. आपली भाषा बघा, 'बेकार' म्हणजे काम नसलेला आणि 'बेकार' म्हणजे निरुपयोगीही. नाक्यावरचा माणूस पहिल्या अर्थाने आकड्यात येत नाही, आणि दुसरा अर्थ मात्र त्याला रोज ऐकावा लागतो.

आता धोरणाकडे येऊ. शहरात नोकऱ्या वाढवल्या की बेकारी कमी होईल, हे सरळ वाटतं. केनियात १९६४ साली सरकार, मालक आणि संघटना यांच्यात करार झाला, मालकांनी जादा माणसं घ्यायची. झालं काय, तर गावांतून आणखी माणसं शहरात आली. यावरच हॅरिस आणि टोडारो यांनी १९७० साली आपला सिद्धांत मांडला. हिशेब सोपा आहे. गावात रोज ३०० मिळतात, शहरात ६००, असं धरा. शहरात काम मिळण्याची शक्यता निम्मी होईपर्यंत माणूस येत राहणार, कारण सहाशेच्या निम्मे तीनशेच. मग तुम्ही १०० नव्या नोकऱ्या काढल्यात तर २०० जण येतील. शंभर कामाला लागले, शंभर नाक्यावर वाढले.

आमच्या पिढीतले काही जण याचा अर्थ असा लावत, की मग शहरात काही करूच नका. मला तो अर्थ पटत नाही. सिद्धांताचं दुसरं टोक गावात आहे ना! ते तीनशे वाढवा. महाराष्ट्राने ते केलं. वि. स. पागे यांच्या आग्रहातून उभी राहिलेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्याने हक्क झाली. तिच्यासाठी पैसा कुठून? १९७५ च्या व्यवसाय करातून. तुमच्यापैकी नोकरीत असणाऱ्यांनी पगाराची चिठ्ठी पाहावी, ती छोटी कपात दिसेल. मुंबईचा कारकून खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीत वाटा देत होता, बहुतेकांना पत्ताही नव्हता.

हमीची आणखी एक खुबी. तिथे व्याख्या लागतच नाही. उन्हात खडी फोडायला जो येतो तो गरजू, दाखला कशाला मागायचा?

मग शहरात अशी हमी का नको? केरळात आहे, राजस्थानने २०२२ मध्ये शंभर दिवसांची सुरू केली. ज्याँ द्रेझ यांनी २०२० मध्ये सुचवलं, की शाळा, वसतिगृहं अशा सार्वजनिक संस्थांना कामाचे शिक्के द्या. त्यांनी माणसं लावावीत, मजुरी सरकारने द्यावी. शहरात ठेकेदार मधे घुसणार, ही भीती खरी आहे. आणि हॅरिस-टोडारोंची शंका तर उभीच आहे: शहरातली हमी गावच्या हमीपेक्षा गोड झाली, की गाड्या पुन्हा भरून येणार. म्हणून दोन्हीकडची मजुरी एकत्र ठरवावी लागेल, आणि ती ठरवणारी खाती आज दोन वेगळ्या मंत्र्यांकडे असतात.

त्या गृहस्थांना मी आणखी एक विचारायला हवं होतं, तेव्हा सुचलं नाही. नाक्यावरच्या गर्दीत बाया किती असतात? आज ते आले असतील तर सांगावं.