न्यायालयातील लॅटिन शब्द

समजा, अर्जुनी मोरगावच्या परिसरातील दोन शेतकऱ्यांमध्ये धानाच्या शेताच्या धुऱ्यावरून तंटा झाला. न्यायालयाने पुरावा पाहून निकाल दिला. अपिलाची मुदतही संपली. पुढे हरलेल्या शेतकऱ्याने त्याच धुऱ्यासाठी पुन्हा दावा लावला, तर प्रतिपक्षाचा वकील उठून म्हणतो, 'रेस ज्युडिकाटा!' ऐकणारा गोंधळून जातो. वस्तुतः या लॅटिन शब्दांचा अर्थ एवढाच, की 'निवाडा झालेली गोष्ट'. ज्या भांडणाचा निवाडा झाला, ते त्याच पक्षांना पुन्हा उकरून काढता येत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ११ व्या कलमात हा नियम आहे.

लॅटिन ही प्राचीन रोमची भाषा. रोमचे साम्राज्य लयाला गेले, तरी युरोपातील न्यायपंडित शतकानुशतके तिच्यातच लिहीत राहिले. इंग्रजी कायद्याबरोबर तिचे शब्द आपल्याकडे आले. यात नवल नाही; वकील, जामीन, फिर्याद हे शब्दही अरबी-फारसीतूनच आलेले. ते मात्र आपल्या अंगवळणी पडले, लॅटिन शब्द परकेच राहिले.

'ॲलिबाय' म्हणजे 'दुसरीकडे'. चोरी गोंदियास झाली त्या वेळी मी नागपुरास होतो, असा आरोपीचा बचाव म्हणजे ॲलिबाय. 'सुओ मोटो' म्हणजे 'आपण होऊन'. कोणी अर्ज केला नसताही न्यायालय एखाद्या प्रकरणात लक्ष घालते, तेव्हा हा शब्द योजतात.

या सर्वांत मोलाचा शब्द 'हेबियस कॉर्पस'. त्याचा शब्दशः अर्थ 'तू देह हजर करावास'. देह म्हणजे प्रेत नव्हे, जिवंत माणूस! कोणास बेकायदा डांबले असेल, तर त्याचे आप्त किंवा मित्र उच्च न्यायालयात अर्ज करू शकतात. गोंदिया जिल्ह्यातील लोक नागपूर खंडपीठाकडे जातात. न्यायालय डांबणाऱ्यास आज्ञा करते, की या माणसास आमच्यापुढे आण आणि कोणत्या कायद्याने अडकवलेस ते सांग. संविधानाच्या मराठी आवृत्तीत यास 'देहोपस्थिती' म्हटले आहे.

आणीबाणीत नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे असे अर्ज चालू शकतात, असे ठरविले होते. परंतु १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो मार्ग बंद केला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना तेवढे एकटे विरोधात उभे राहिले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेच तो बहुमताचा निर्णय चुकीचा ठरवून रद्द केला.