काचेच्या यंत्रनिर्मित गोट्या : ओळख व नोंद

'गोटी' हा शब्द काचेच्या गोटीहून जुना आहे. 'गोटा' म्हणजे गुळगुळीत, वाटोळा दगड. 'गोटी' हे त्याचेच लघुत्वदर्शक रूप. 'गारगोटी' या शब्दात तो दगडाचा अर्थ अजून शाबूत राहिला आहे. इंग्रजीतील 'मार्बल' आणि जर्मनमधील 'मुर्मेल' ही नावेही संगमरवरावरूनच आलेली आहेत. याउलट हिंदीतील 'कंचा' हे नाव उघडच काचेचे होय. घाटकोपर आणि मुलुंड या उपनगरांत मराठी व गुजराती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजारी नांदत आली असल्यामुळे तेथील अंगणांत एकाच वस्तूला 'गोटी' आणि 'लखोटी' अशी दोन नावे ऐकू येतात. 'लखोटी'चे मूळ माझ्या मते लाखेत शोधावे. लाखेने बंद केलेल्या पत्रास मराठीत 'लखोटा' म्हणतात, हे या संदर्भात ध्यानी घेण्याजोगे आहे. दगड, लाख आणि काच ही तीन द्रव्ये अशा रीतीने तीन नावांत गोठून राहिली आहेत; परंतु हाती असलेली गोटी कोणत्या काळची व कशी घडलेली, हे यांपैकी एकही नाव सांगत नाही. त्यासाठी गोटीकडेच पाहावे लागते.

अंधेरी ते बोरीवली आणि घाटकोपर ते मुलुंड या दोन्ही पट्ट्यांत जुन्या चाळी पाडून त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. घरे रिकामी करताना पोटमाळ्यावरून गोट्यांचे डबे निघतात आणि ते भंगारात तरी जातात किंवा एखाद्या संग्राहकाच्या हाती तरी पडतात. अशा डब्यातील गोट्यांचे परीक्षण कसे करावे आणि त्यांवरून काय ठरविता येते व काय येत नाही, हे सांगणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हाताने केलेली गोटी आणि यंत्रावरची गोटी यांतील भेद पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात, विशेषतः लाउशा या गावी, रंगीत काचेचे धागे आत घातलेली एक लांब कांडी ओढून, ती मऊ असतानाच खास कात्रीने एकेक तुकडा कापून त्याला गोल आकार देत असत. कांडीपासून गोटी जेथे तुटे तेथे एक खडबडीत वा घासलेला डाग उरे. असे डाग बहुधा समोरासमोरच्या दोन टोकांना असतात, आणि आतील धागे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पीळ घेत गेलेले दिसतात. डाग स्पष्ट असेल तर गोटी हातची समजण्यास हरकत नाही.

यंत्राचा इतिहास अमेरिकेतील ओहायओ राज्यातील ॲक्रन या गावी सुरू होतो. मार्टिन फ्रेडरिक क्रिस्टेन्सन यांना १९०५ साली गोलाकार वस्तू घडविण्याच्या यंत्राचे एकस्व मिळाले. तथापि त्यांच्या कारखान्यात काचरस भट्टीतून उचलण्याचे काम माणूसच सळईने करीत असे. सळईवरून ओघळणारा रस कापून यंत्रावर पडू दिला जाई. या अर्धयांत्रिक पद्धतीची खूण गोटीवर राहून जाते : एका टोकास इंग्रजी नवाच्या आकड्यासारखे वळण आणि विरुद्ध टोकास कापल्याची शेपटी. पुढे काचरसाची धार भट्टीतून आपोआप पडू लागली, कात्री तिचे ठराविक अंतराने तुकडे करू लागली आणि ते तुकडे दोन समांतर रुळांवर उतरू लागले. या रुळांवर मळसूत्रासारखी खाच असते आणि दोन्ही रूळ एकाच दिशेने फिरतात. त्यामुळे तुकडा गरगरत पुढे सरकतो व थंड होता होता गोल होतो. अशा गोटीवर खडबडीत डाग नसतो. असलीच तर कात्रीच्या घावाची एक बारीक, किंचित लहरणारी शिवण असते. ती भिंगाशिवाय सहसा दिसत नाही. गोटी दिव्यासमोर तिरपी धरून सावकाश फिरवावी, म्हणजे रंगाच्या पट्ट्यांचा दुवा जेथे अचानक मोडतो तेथे ती सापडते.

ॲक्रन येथेच आरंभ होऊन १९१४ साली वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्ग येथे गेलेला ॲक्रो ॲगेट हा कारखाना १९५१ साली बंद पडला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मळसूत्राप्रमाणे चढत जाणारी रंगाची पट्टी ही त्याच्या गोट्यांची प्रसिद्ध खूण. 'ॲगेट' म्हणजे अकीक. काचेत दगडाची नक्कल करावयाची आणि नावही दगडाचेच ठेवावयाचे, हा व्यापाऱ्यांचा प्रघात 'गोटी'च्या व्युत्पत्तीशी गमतीने जुळतो.

कालनिर्णयास सर्वांत उपयोगी पडते ती मांजरडोळ्याची गोटी : स्वच्छ काचेत रंगीत पाकळ्या उभ्या असलेली. हा प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात निघाला आणि १९५०च्या सुमारास जगभर पसरला. अमेरिकन कारखान्यांनी तो मागाहून उचलला. सबब मांजरडोळ्याची गोटी युद्धपूर्व काळातील म्हणून कोणी दाखविली, तर ते विधान निःशंक नाकारावे.

येथे माझ्या हातून घडलेला एक प्रमाद नमूद करणे आवश्यक वाटते. खेळांतील संख्यावाचक शब्द टिपण्यासाठी मी मुलुंडच्या एका जुन्या चाळीत गेलो होतो. विटीदांडूतील वकट, लेंड, मूंड, नाल हे शब्द तेलुगू ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशी ताडून पाहण्यासारखे आहेत, हे भाषाभ्यासकांस ठाऊकच आहे. गोट्यांच्या मोजणीतील 'डुब्बी', 'तिराण' यांचा माग मला हवा होता. ऐंशी ओलांडलेल्या त्या गृहस्थांनी शब्द तर सांगितलेच, शिवाय बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपलेल्या गोट्याही स्वाधीन केल्या. मी त्या तेथेच चादरीवर ओतल्या आणि उत्साहाने प्रकारवार मांडू लागलो. ते काही वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "अहो सर, डबा असा पालथा घालायचा नसतो. खालच्या दादाच्या होत्या, वरच्या माझ्या." थोरल्या भावाचा खेळ संपल्यावर डबा त्यांच्याकडे आला होता आणि त्यांनी जिंकलेल्या गोट्या त्यावर साठत गेल्या होत्या. चादरीवर मांजरडोळ्याच्या बऱ्याच गोट्या होत्या. त्या सगळ्या वरच्या थरातील होत्या की काय, म्हणजेच त्या अंगणात हा प्रकार थोरल्या भावाच्या वेळी पोचला होता की धाकट्याच्या, हे तो डबा दोन मिनिटांपूर्वी सांगू शकला असता.

संग्राहकांच्या दृष्टीने अशा चुका अनेक संभवतात. गोट्यांना यंत्रावर चकाकी देणे ही त्यांतील सर्वांत वाईट. टोला लागून उमटलेल्या अर्धचंद्राकृती खुणा त्याने जातात खऱ्या, पण शिवणही जाते आणि तिच्याबरोबर पुरावाही जातो. साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसणे पुरेसे आहे.

कारखान्याचे नाव सांगण्याचा मोहही आवरावा. रुळांचे यंत्र सर्वत्र एकाच तत्त्वावर चालते. म्हणून गोटीवरून यंत्र ओळखता येते, कारखाना क्वचितच. मूळ खोका, पिशवी वा पावती सोबत असेल तरच नाव लिहावे. काचेचा कारखाना म्हटला की आपल्याकडे तळेगावचा १९०८ सालचा पैसा फंड काच कारखाना किंवा १९१६ साली निघालेला ओगलेवाडीचा कारखाना आठवतो. पण ओगल्यांची कीर्ती प्रभाकर कंदिलाची. कंदिलाची काच फुंकून करतात, गोटी रुळांवर फिरवून. एक साधते म्हणून दुसरेही साधत असेल, असा तर्क करता येत नाही.

सोड्याच्या बाटलीतील गोटीविषयी थोडे. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ साली एकस्व घेतलेल्या बाटलीत वायूच्या दाबाने गोटी वर सरकून रबरी कड्यास घट्ट बसते. गोटी सोडा आपल्याकडे अद्याप प्यायला जातो, आणि बाटली फुटली की ती गोटी मुलांच्या खिशात जाई. ती एकरंगी, बहुधा हिरवट असते. मात्र खेळासाठी केलेल्या साध्या एकरंगी गोट्याही तशाच दिसतात. बाटलीचा तुकडा वा सांगणारा माणूस सोबत नसेल तर 'एकरंगी, पारदर्शक' एवढेच लिहावे.

नोंदीत व्यास मिलिमीटरमध्ये, शिवणेची जागा, रंगांचा क्रम, स्थळ, देणाऱ्याने वापरलेले नाव त्याच्याच उच्चाराप्रमाणे, आणि डब्यातील थर इतके असावे. दुधी रंगाची गोटी देणारा तिला 'दुधी' म्हणत असेल तर तोच शब्द लिहावा. अमेरिकन संग्राहकांची परिभाषा हवी तर बाजूच्या रकान्यात घालावी. मुलुंडच्या गोट्या आता आमच्या विभागाच्या कपाटात आहेत. नोंदवहीत त्यांच्यासमोर थराच्या रकान्यात 'संकलकाच्या चुकीने नष्ट' असे लिहून ठेवले आहे.