न्यूनगंड फ्रॉइडचा नव्हे

शाळेच्या पालकसभेत 'मुलाला न्यूनगंड आहे' हे वाक्य हमखास कानावर पडतं, आणि पाठोपाठ कुणीतरी फ्रॉइडचं नाव घेतं. खरं तर या शब्दातलं 'न्यून' आल्फ्रेड ॲडलरचं. 'गंड' ही कल्पना मानसशास्त्रात रुजवली ती झुरिकच्या बुर्गहोल्झली रुग्णालयात शब्दसाहचर्याचे प्रयोग करणाऱ्या कार्ल युंगने. दोघेही एके काळी फ्रॉइडच्या बरोबर होते आणि दोघेही दूर झाले. आपण रोज वापरतो त्या एका शब्दात ही दोन माणसं शेजारी बसली आहेत.

दुसरा गैरसमज पाठ्यपुस्तकांनीच पसरवला: ॲडलर हा फ्रॉइडचा शिष्य आणि तो गुरूवर उलटला. १९०२ च्या शरद ऋतूत फ्रॉइडने व्हिएन्नातल्या चार डॉक्टरांना आपल्या घरी चर्चेला बोलावलं, त्यांत ॲडलर होता. त्याचं वय ३२. स्वतःचा दवाखाना चालत होता आणि शिंप्यांच्या आरोग्यावरची त्याची पुस्तिका चार वर्षांपूर्वीच छापून झाली होती. बेर्गगासं १९ या घरच्याच पत्त्यावरच्या फ्रॉइडच्या दवाखान्यात, रुग्ण जिथे थांबत त्या खोलीत, दर बुधवारी रात्री ही मंडळी जमत. आधी निबंधवाचन, मग काळी कॉफी आणि केक, सिगारचा धूर. त्यानंतर भांड्यातून चिठ्ठ्या काढून बोलण्याचा क्रम ठरे. शेवटचा शब्द मात्र फ्रॉइडचा. 'शिष्य' हा शिक्का ॲडलरला आयुष्यभर बोचला. उतारवयात न्यूयॉर्कमध्ये तरुण मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लोने बोलताबोलता तसा उल्लेख केला, तर तो संतापून उठला. मी कधीच त्याचा शिष्य नव्हतो, हे त्याने ठणकावून सांगितलं. मला त्याचा संताप रास्त वाटतो.

मग भांडण कशाचं? 'अहंकाराचं' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. अहंकार होताच, पण मुळाशी एक खरा प्रश्न होता. धाकटी बहीण झाल्यापासून रोज शाळेच्या वेळेला पोट दुखणारा सात वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. फ्रॉइड विचारेल, हे कशामुळे? कोणती इच्छा दाबली गेली आणि ती पोटदुखीचं रूप घेऊन बाहेर आली? ॲडलर विचारेल, हे कशासाठी? पोट दुखलं की आई बाळाला खाली ठेवून याच्याजवळ बसते का? ॲडलरचा रुग्णांसाठी एक ठेवणीतला प्रश्न असे: हे दुखणं गेलं, तर तुम्ही काय कराल? जे उत्तर येई, त्यात त्याला बहुधा रुग्ण टाळत असलेली गोष्ट सापडे. 'कशामुळे' आणि 'कशासाठी' यांतला फरक शब्दांपुरता नाही. एका वाटेने उपचार भूतकाळ उकरतो, दुसऱ्या वाटेने तो आईला आणि शिक्षकांना सोबत घेतो.

ॲडलरचा हा विचार अनुभवातून आलेला होता. लहानपणी त्याला मुडदूस झाला होता. मोठा भाऊ धावायचा आणि हा बाकावर बसून बघायचा. शरीरातलं उणेपण माणूस कसं भरून काढतो, यावर त्याने १९०७ साली पुस्तक लिहिलं, तेव्हा फ्रॉइडने त्याचं स्वागतच केलं. पण १९११ च्या आरंभी ॲडलरने सगळी मांडणी केली आणि कामप्रेरणेऐवजी कमीपणाची भावना मध्यभागी आणून ठेवली, तेव्हा ठिणगी पडली. फ्रॉइडचा आक्षेप पोकळ नव्हता: यात दमन कुठे आहे, अबोध मन कुठे आहे? हा प्रश्न आजही ॲडलरवाद्यांना सोपा जात नाही. मला पटत नाही ते पुढचं. ॲडलर मंडळाबाहेर पडल्यावर ऑक्टोबरमध्ये, फ्रॉइडचं मंडळ आणि ॲडलरचा नवा गट अशा दोन्हीकडे सभासद राहता येईल का यावर मतदान झालं. ११ विरुद्ध ५ मतांनी 'नाही' ठरलं आणि आणखी काही जण बाहेर पडले. 'कशामुळे' की 'कशासाठी' हा मूळ प्रश्न पारखायचा होता रुग्णांवर. तो मोजला गेला हात वर करून.

युंगची गोष्ट थोडक्यात. लिबिडो म्हणजे केवळ कामऊर्जा नव्हे, ती एकूण मानसिक ऊर्जा आहे, असं त्याने १९१२ मध्ये मांडलं. जानेवारी १९१३ मध्ये फ्रॉइडने पत्र लिहून वैयक्तिक संबंध संपवले. दोघांचं वैर पहिल्यापासूनचं होतं, हा समजही चूक आहे. १९०७ च्या पहिल्या भेटीत, युंगच्या आठवणीनुसार, ते जवळजवळ सलग तेरा तास बोलत होते.

राहता राहिला तो सर्वांत घट्ट बसलेला समज: फ्रॉइडने आपलं मत कधी बदललं नाही. दबलेल्या कामऊर्जेतून चिंता जन्मते, असं तो वर्षानुवर्षं सांगत होता. १९२६ मध्ये, सत्तरीत, त्याने ते स्वतःच उलटवलं: चिंता आधी, दमन नंतर. आणि आक्रमणाची स्वतंत्र प्रेरणा असते हे ॲडलरने १९०८ मध्ये मांडलेलं मत फ्रॉइडने पुढच्याच वर्षी, 'छोटा हान्स' या मुलाच्या प्रकरणावर लिहिताना, फेटाळलं होतं. १९२३ मध्ये त्याच मजकुराखाली त्याने एक तळटीप जोडली. अशी प्रेरणा आता मलाही मानावी लागली आहे, असं त्याने त्यात लिहिलं. फक्त ती ॲडलरची नव्हे, माझी वेगळी आहे.