बाटलीच्या बुडावरील खुणा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंगळूरच्या विमान कारखान्यात अमेरिकन हवाई दलाची विमाने दुरुस्त होत असत. तेव्हा जवळच्या येलहंका येथील एखाद्या घराच्या अडगळीत अमेरिकन सिरपची रिकामी बाटली मिळाली, असे समजू. तिच्यावरील कागद केव्हाच गळून पडलेला असतो. तथापि ती उलटी धरली म्हणजे बुडावर काही चिन्हे व अंक उठून दिसतात. ते साच्यातच खोदलेले असल्यामुळे काचेबरोबरच जन्मास येतात. म्हणून बाटलीचे वय ठरविताना त्यांची साक्ष मोलाची असते.

ओवेन्स-इलिनॉय ही अमेरिकन कंपनी १९२९ साली दोन जुन्या कंपन्या एकत्र होऊन निघाली. पत्त्यांतील चौकटीसारखी आकृती, तिच्यात गुंतलेले लंबवर्तुळ व मध्यभागी इंग्रजी ‘आय’ हे अक्षर, अशी तिची पहिली मुद्रा होती. १९५४ साली नवी मुद्रा आली. तीत चौकट गळाली. मुद्रेच्या डावीकडील अंक कोणत्या कारखान्यात बाटली झाली ते सांगतो, उजवीकडील अंक वर्ष सांगतो.

अडचण अशी, की वर्षाचा बहुधा शेवटचा अंकच दिलेला असे. जुन्या मुद्रेशेजारी ६ हा अंक असेल, तर साल १९३६ समजावे की १९४६? बुडाशी ‘ड्युराग्लास’ हा शब्द असल्यास १९३६ बाद होते, कारण तो १९४० च्या सुमारास वापरात आला. मात्र तो नसल्याने काहीच सिद्ध होत नाही. काही बाटल्यांवर अंकापुढे टिंब आढळते. तेही पाचव्या दशकाचे चिन्ह होय. शिवाय मुद्रा बदलली म्हणून जुने साचे त्याच दिवशी मोडीत निघत नाहीत. साचा महाग असतो, आणि कारखानदार तो झिजेपर्यंत वापरतो! त्यामुळे १९५६ ही शक्यतादेखील अगदीच पुसून टाकता येत नाही.

हे कोष्टक आपल्याकडील बाटल्यांना लावणे मात्र चुकीचे होईल. येथे तर्क तोच, पण आधार निराळा. तळेगाव दाभाडे येथील पैसा फंड काच कारखाना १९०८ साली सुरू झाला. त्याचे नाव साच्यात उठलेली काच त्यापूर्वीची असू शकत नाही. ती किती नंतरची, हे नावावरून ठरत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडे चांगली बाटली कोणी टाकीत नाही. सिरप संपले की तीत मध, खोबरेल किंवा रॉकेल भरले जाते. बुडावरील अंक काच केव्हा ओतली एवढेच सांगतो. बाटली जमिनीत केव्हा गाडली गेली हे जाणण्यासाठी तिच्याबरोबर त्याच थरात मिळालेली नाणी व खापरे तपासावी लागतात.