कापसाची धूळ आणि सुट्टीनंतरचा दम

कापसाचा हंगाम सुरू झाला की दवाखान्यात खोकल्याचे रुग्ण वाढतात. थंडीमुळे असेल, असे समजून मीही बरीच वर्षे औषध देत राहिलो. मग एकदा जिनिंगमध्ये रेच्यावर काम करणाऱ्या एका बाईने सहज सांगितले, "डॉक्टरसाहेब, सुट्टीच्या दिशी बरं वाटते. दुसऱ्या दिशी कामावर गेली का छाती आवळते." तेव्हा माझी चूक ध्यानात आली. हा साधा दमा नव्हता, बिसिनोसिस होता.

कापसाच्या बोंडाभोवतालच्या वाळक्या पाल्यावर जंतू असतात. त्यांचे विष धुळीबरोबर श्वासनलिकेत जाते आणि नलिका आकसतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास सर्वात जास्त होतो. सुरुवातीला धूळ थांबली की आजार थांबतो. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर दम कायमचा जडतो. बिडी ओढणाऱ्याचे हाल अधिक.

आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. 1870 मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. 2000 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेत अनेक जिनिंगची यंत्रे सुधारली. पण जुन्या कारखान्यांत धूळ पकडायला अजूनही नुसता सायक्लोन दिसतो.

सायक्लोन म्हणजे पत्र्याचा नरसाळ्यासारखा डबा. त्यात हवा गरगर फिरते, जड कचरा भिंतीला आपटून खाली पडतो. खळ्यावरच्या उफणणीसारखेच हे. दाणे खाली, भुसा वाऱ्यावर! डोळ्यांना दिसणारा पाचोळा अडतो, पण पाच मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ बरीचशी वरून निघून जाते. फुप्फुसात खोलवर नेमकी तीच जाते. केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन, यावरून कल्पना यावी.

म्हणून सायक्लोनच्या पुढे कापडी पिशव्यांचा बॅग फिल्टर बसवावा लागतो. मालक इथेच फसतात. पिशव्यांतून हवा ओढायला जोर लागतो. जुना पंखा तसाच ठेवला तर ओढ कमी होते आणि जी धूळ धुराड्यातून गावात जात होती, ती शेडमध्ये मजुराच्या तोंडावर येते. त्यामुळे पंख्याची ताकद इंजिनिअरकडून तपासून घ्यावी. त्याआधी नळ्यांची भोके बुजवावीत, रेच्यावरचे झाकण धूळ उठते त्या जागेच्या जवळ आणावे. हे काम स्वस्त आहे आणि गुण लवकर येतो. पिशव्या वेळेवर झटकल्या नाहीत तर त्या चोंदतात. कापसाची धूळ पेट घेते, तेव्हा ठिणगीचा बंदोबस्तही हवाच. हवेच्या फवाऱ्याने यंत्रे साफ करण्याची सवय मात्र आजच सोडावी.

धूळ उठते तिथेच ओढून घ्यावी, असे 1948 च्या कारखाने कायद्याने सांगितले होते. बिसिनोसिसचा रुग्ण आढळल्यास डॉक्टरने कारखाने निरीक्षकांना कळवावे, हेही त्यातच होते. मी त्या काळात एकदाही कळवले नाही, हे कबूल करतो.

तोंडाला बांधलेल्या रुमालातून बारीक धूळ आत जाते. फिल्टर बसेपर्यंत कोरोनाच्या वेळचा एन-95 मास्क बरा.

जिनिंगमधील ज्यांची छाती आवळते त्यांनी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कामाआधी आणि काम सुटल्यावर, असे दोनदा दवाखान्यात यावे. नळीत फुंकायचे असते, सुई टोचायची नसते. दोन्ही आकडे कागदावर लिहून देईन, तो कागद मालकाला दाखवावा.